सोमवारचं मौन

"काकू, झैनबला माझ्याशिवाय कुणाच्या हाती देऊ नका. माझ्या सासूबाई आल्या तरी नाही. वचन द्या."

समोरच्या फ्लॅटमधली तस्नीम चाकणच्या एका कंपनीत इंजिनिअर. तिच्या लेकीला शाळेतून आणायचं काम पद्माकाकूंकडे. काकूंनी वचन दिलं खरं, पण त्यांना वाटलं, सासू-सुनेचं काहीतरी बिनसलंय. म्हणूनच सासूबाईंनी काल लिफ्टमध्ये विचारलं, तेव्हा त्या हसून सांगून बसल्या, "साडेबाराला सुटते हो शाळा. न्या की नातीला फिरायला!"

आज सोमवार. पोथी संपेपर्यंत काकूंचं मौन. बावीस वर्षांत एकदाही मोडलं नव्हतं. साडेअकराला फोन वाजला.

"तस्नीमचा आहे," शरच्चंद्रांनी तो बायकोच्या कानाला लावला. "बोलणार तर नाहीसच, ऐक तरी!"

"काकू, सासूबाई झैनबला न्यायला निघाल्यात. नणंदेचा आत्ता मेसेज आला. खतना करायला नेणारेत तिला! मुलांना न्यायच्या शाळेच्या कार्डावर त्यांचंही नाव आहे. शाळेत कुणी फोन उचलत नाही, नि मी इथं ट्रकांच्या रांगेत अडकलेय."

मुलग्यांचं काकूंनी ऐकलं होतं. मुलीचं?

"मीही सातच वर्षांची होते. आईस्क्रीम देते म्हणून नेलं. दोघींनी पाय धरले. आणि तिथं... खाली... कापलं, काकू. ब्लेडनं. अजून अंगावर काटा येतो. सासूबाई वाईट नाहीत हो. त्यांचंही असंच केलेलं. मुलगी वळणात राहते, म्हणतात."

मांडीवरची पोथी घसरली. एवढ्याशा पोरीला? कालच तर ती पडलेला दात दाखवत होती. आणि शाळेची वेळ कुणी सांगितली? आपणच.

"काकू, ऐकताय ना? एकदा हो म्हणा."

देवापुढची समई संथ जळत होती. अध्याय अर्धाच झाला होता.

"हो," काकू म्हणाल्या. "मी आणते तिला."

शरच्चंद्र दचकले. "अगं, मौन!"

"राहू दे. गप्प बसायचा दिवस नाही हा."

त्यांनी पोथी कापडात गुंडाळली, शाळेचं कार्ड कमरेला खोचलं, चपला पायांत सरकवल्या. लिफ्ट नवव्या मजल्यावर होती. तिची वाट न पाहता त्या जिना उतरू लागल्या.