चौदा कोऱ्या आकृत्या

"चौदाच्या चौदा आकृत्या कोऱ्या आल्यात," छापखान्यातला माणूस फोनवर म्हणाला. "नुसती पांढरी पानं. उद्या दुपारपर्यंत नीट पाठवा, नाहीतर पुस्तक आकृत्यांशिवाय छापावं लागेल."

प्लंबरने फोन ठेवला आणि मेहुणीला बोलावून घेतलं. पुस्तक त्याच्या बायकोचं होतं. अकरा वर्षं तो भिंतीला कान लावून गळती शोधायचा आणि कॉलेजात गणित शिकवणारी बायको पाण्याचा दाब मोजून आलेख काढायची. चार महिन्यांपूर्वी ती गेली. आलेखांच्या फाइली कशा करायच्या, ते तिने वहीत लिहून ठेवलं होतं.

मेहुणी चपला काढता काढताच म्हणाली, "भावोजी, काय मोडून ठेवलंत?"

"मी काही केलं नाही. वहीत आहे तसंच बटण दाबलं."

पडद्यावर पहिला आलेख व्यवस्थित दिसत होता. फोटोसारखी फाइल केली, तीही भरलेली. छापखान्याला हवी होती ती रेषांची फाइल, कितीही मोठी केली तरी न फाटणारी. ती मात्र कोरी.

"टाकीत पाणी आहे, नळाला नाही," तो म्हणाला. "मधलं एकेक बंद करत जा. सापडेल."

तिने आधी रंग काढले. कोरं. जाळीच्या रेषा काढल्या. कोरं. मग लेटेकची, म्हणजे गणिताची सूत्रं सुबक मांडणाऱ्या सोयीची, अक्षरं बंद केली आणि आलेख उमटला. पण सूत्रांच्या जागी नुसती डॉलरची चिन्हं आणि तिरक्या रेघा.

"असंच पाठवायचं?"

"नको. एकेका सूत्रापायी ती तास तास बसायची."

"मग लेटेकची अक्षरं फाइलमध्ये नेणारा प्रोग्राम कुठाय?" तिने यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. "मीच ताईच्या संगणकावर बसवून दिला होता. त्याच्या चित्रात छोटंसं भूत असतं बघा."

प्लंबर उठला, स्वयंपाकघरात गेला आणि धुतलेलाच कप पुन्हा धुऊ लागला. बंद केल्यावरही नळ टपटपत राहिला.

"भावोजी."

"ती गेली त्याच आठवड्यात संगणक उघडला," तो आतूनच म्हणाला. "तर समोर भूत. तिच्या संगणकावर. मला बघवेना. काढून टाकलं."

मेहुणीने तोंडावर हात दाबला, पण हसू काही आवरेना.

"ताई असती तर गावभर सांगत फिरली असती."

तो कप घेऊन दारात आला आणि तोही हसू लागला. इतका, की त्याला चौकट धरावी लागली.

मेहुणीने भूत परत आणलं. आकृत्या एकामागून एक भरून येऊ लागल्या, सूत्रांसकट. तेरा त्याच्या ओळखीच्या होत्या. कुठल्या गल्लीतली कुठली गळती, ते तो बोट ठेवून सांगत होता. चौदावी त्याने कधी पाहिली नव्हती. एकच रेष, अकरा वर्षं हळूहळू वर चढत गेलेली. मिनिटाला किती थेंब, याची नोंद. खाली सुबक अक्षरांत ओळ होती: "प्लंबरच्या स्वतःच्या घरातला नळ. दुरुस्ती: उद्या."

मेहुणीने त्याच्याकडे पाहिलं.

"ही वगळू का?"

"आधी तीच पाठव."

दुसऱ्या दिवशी दुपारी छापखान्याचा फोन आला. सगळं पोचलं होतं, पुस्तक मशीनवर चढलं होतं.

नळ अजून दुरुस्त करायचा राहिला आहे.