ओलं बोट

बायपॅप लावायचं की घशात नळी घालायची, हे मी दारातून रुग्णाला पाहूनच सांगते. बढाई नाही, जबलपुरात बारा वर्षं छातीचेच रुग्ण पाहते आहे. अच्युतकाकांना आणलं तेव्हा ओठ निळसर होते, पण माणूस शुद्धीत होता. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठलेला. नुसता ऑक्सिजन देऊन तो बाहेर पडत नाही. म्हणून तोंडावर घट्ट मास्क बसवून मी बायपॅप सुरू केलं. हे मशीन श्वासाला जोर देतं. "तासाभरात उतार पडेल," असं त्यांच्या बायकोला, ज्योतीकाकूंना, मी ठासून सांगितलं.

तास झाला. कार्बन उतरायच्या ऐवजी चढला. हवा गळतेय म्हणून मशीन कोकलत होतं. मी पट्टे आवळले, मास्क बदलला, सिस्टरवर डाफरले. काकांचं तर भलतंच चाललेलं. उशाशी ठेवलेल्या ग्लासात बोट बुडवायचे आणि ते ओलं बोट गालाभोवती फिरवायचे. चादर ओलीचिंब झाली. कार्बन डोक्यात चढला की माणूस असे चाळे करतो. शुद्ध हरपत चालली असेल, तर नळीशिवाय इलाज नाही. आणि बिडीने पोखरलेल्या या फुप्फुसांना एकदा नळी लागली की ती निघेलच, असं मी छातीठोक सांगू शकत नव्हते.

"हात बांधा," मी सिस्टरला म्हटलं, "आणि नळीची तयारी करा."

नळीच्या संमतीपत्रावर सही घ्यायला मी काकूंना आत बोलावलं. बांधलेला हात पाहून त्या तडकल्याच.

"हात काहून बांधला यांचा?"

"काकू, त्यांना भान नाही राहिलं. पाण्यात बोट घालून तोंडावर फिरवून राहिले."

"भान नाही? अहो, लीक पाहून राहिले ते! फॅक्टरीत बत्तीस साल हेच काम केलं. ओलं बोट फिरवायचं, गार लागलं की तिथूनच हवा निघते. घरी सायकलची ट्यूबसुद्धा असेच पाहतात."

मी हात सोडवला. काकांनी बोट बुडवलं, थेट गालाच्या खळग्यावर टेकवलं आणि मग मास्कवर, तोंडासमोर, दोनदा आपटलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तोंडात दात नव्हते, म्हणून गाल खोल गेले होते आणि मास्क तिथे टेकतच नव्हता.

"काकू, कवळी कुठे आहे?"

"माझ्या पर्समध्ये. दवाखान्यात आलो की घड्याळ, अंगठी, कवळी, सगळं आधी मीच काढून ठेवते. हरवते न इथे!"

त्यांनी स्टीलची डबी काढली. मी कवळी धुऊन बसवली, ती घट्ट बसते याची खात्री केली आणि पुन्हा मास्क लावला. मशीन गप्प झालं. नळीचा ट्रे हाताशी ठेवून मी आणखी तासभर वाट पाहायचं ठरवलं.

तासाने रिपोर्ट आला. कार्बन उतरला होता. काकांचे ओठही जरा लालसर दिसू लागले.

"चुकलं माझं, काका," मी म्हटलं. मला मनापासून लाज वाटत होती.

काकांनी पुन्हा बोट बुडवलं. दोन्ही गाल, नाकाचा कणा, हनुवटी, सगळीकडे फिरवून पाहिलं. मग ते ओलं बोट माझ्या फाइलीवर, सही न झालेल्या संमतीपत्रावर दाबलं.

"पास केलं," काकू डोळे पुसत हसल्या. "फॅक्टरीत शिक्का यांच्याकडेच असायचा."

काका मान डोलावत होते. मनगटावर पट्टीचा लाल वळ अजून तसाच होता.