दगाभाऊ ताटावर काय म्हणत?

माझ्या पाठीवर 'उषाबाई' असं नाव कोरलेलं आहे आणि त्याखाली सतरा हा आकडा. मी स्टीलचं एक जुनं ताट. सुरतेत बमरोलीला, लूमच्या खात्यांना, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यांना, लागूनच उषाबाईंची खानावळ आहे. अकरा वर्षं झाली, मी तिथेच आहे.

मित्रांनो, माझा जन्म अगदी झटपट झाला. यंत्राने पत्र्यावर एकदा धाडकन दाब दिला आणि मी तयार झाले. पुढे भांड्यांच्या दुकानात पाठीवर नाव कोरताना मात्र फार गुदगुल्या झाल्या. उषाबाईंनी आम्हा चोवीस ताटांना एकदमच घरी आणलं. पहिल्या वर्षी मी इतकी चकचकीत होते की जेवायला आलेले लोक माझ्यात बघून भांग सारखा करायचे. मग तारेच्या घासणीने माझी चकाकी नेली. एकदा मी जिन्यावरून घरंगळले आणि माझी कड चेपली. तेव्हापासून लोक मला बाजूला सारून खालचं ताट काढू लागले.

दगाभाऊ तेवढे मला शोधून घेत. "चेपलेलं कोणी घेत नाही, म्हणून हे नेहमी सापडतं," असं ते एकदा म्हणाले होते.

दगाभाऊ शिरपूरकडचे. तीस वर्षं लूमवर काढल्यामुळे त्यांना कमी ऐकू येई, आणि बोलतही ते कमीच. वाढून झालं की ते हात जोडत, मान खाली घालत आणि त्यांचे ओठ हलू लागत. आवाज अजिबात नाही. थोड्या वेळाने ओठ थांबत, पण हात जोडलेलेच राहत. वरणावर साय धरे, भाकरी गार होई, तरी ते तसेच बसून राहत. मग एक सुस्कारा सोडून जेवायला लागत.

ते काय म्हणतात, हा सगळ्या खानावळीला पडलेला प्रश्न होता. कोणी म्हणे मंत्र आहे, कोणी म्हणे नवस. उषाबाईंना वेगळीच शंका होती. त्या पोळपाटाशी बसून पुन्हा पुन्हा तिकडे बघत आणि शेजारच्या मंगलाबाईंना म्हणत, "माझं जेवण बाधू नये म्हणून देवाला सांगत असेल. नाहीतर घास घ्यायच्या आधी एवढा विचार कोण करतो?"

आणि मी? त्यांचे ओठ माझ्यापासून वीतभर अंतरावर असत. मला ते दिसत, पण वाचता येत नसत. मलाही तेवढंच कुतूहल होतं.

दगाभाऊंच्या शेजारच्या लूमवर दोन वर्षांपासून किसन होता. लूम बंद ठेवता येत नाहीत, म्हणून दगाभाऊ जेवायला आले की किसन दोघांचेही लूम सांभाळी, आणि ते परतले की तो जेवायला येई. एक दिवस तो तणतणतच आला. "मावशी, याच्या पूजेपायी मी रोज उपाशी! दोन लूमचे धागे तुटले, शेठ माझ्यावर ओरडला."

उषाबाईंचा भाचा धर्मेंद्र खानावळीचं काम बघायचा. दुसऱ्या दिवशी दगाभाऊंनी हात जोडताच त्याने येऊन त्यांच्या खांद्यावर थाप दिली आणि मोठ्याने सांगितलं, "काका, इथे बसलं की लगेच जेवायचं. लोक खोळंबतात. पूजा घरी करा."

सगळा बाक हसला. दगाभाऊंनी हात सोडवले, भराभर जेवले आणि मला स्वतः धुऊन थप्पीवर ठेवून गेले.

त्यानंतर ते आलेच नाहीत. आठ दिवस मला कोणी हात लावला नाही. किसनकडून कळलं की ते खात्याच्या जिन्यात बसून पुडीतला शेव-चिवडा खातात.

"आत्या, एक गिऱ्हाईक गेलं तर काय बिघडलं?" धर्मेंद्र म्हणाला.

"जेवणारा माणूस उठून गेला रे माझ्या दारातून," उषाबाई म्हणाल्या. "आणि तो काय म्हणत होता, हे आपण त्याला एकदा तरी विचारलं का?"

त्यांनी माझ्यावर भाकरी, मेथीची भाजी आणि वरणाची वाटी ठेवली, वरून दुसरं ताट झाकलं, फडक्याची गाठ मारली आणि त्या थेट खात्यात शिरल्या.

मित्रांनो, तो आवाज मी कधी ऐकला नव्हता! शंभर लूम एकदम खडखडत होते. माझ्यावरची वाटी थरथरू लागली. तिथे माणसं तोंडाने बोलतात, पण ऐकत नाहीत. समोरच्याच्या ओठांवरून शब्द ओळखतात. उषाबाईंनी ओरडून विचारलं, "तुम्ही ताटावर काय म्हणता?" दगाभाऊंनी त्यांचे ओठ बघितले आणि लाजत ओठांनीच उत्तर दिलं. उषाबाईंना काहीच समजलं नाही. मग त्यांनी किसनला खूण करून बोलावलं.

किसन दगाभाऊंच्या ओठांकडे बघत उषाबाईंच्या कानात ओरडू लागला. "म्हणतात, त्यांची माय म्हणायची... काळी मायले नमस्कार!"

"पुढे?"

"जिनी रांधं, तिना हातले आराम पडो!"

जिने रांधलं तिच्या हाताला आराम पडो. उषाबाईंचा उजवा हात मनगटाशी चिंधीने बांधलेला होता. रोज शेकडो भाकऱ्या थापून तो सुजे. त्या हाताकडे त्या बघतच राहिल्या.

"जो उपाशी शे, त्याले बी मिळो!" एवढं सांगून किसन स्वतःच्या लूमकडे बघू लागला. दोन वर्षं तोच तर उपाशी ताटकळत होता.

"मग एवढा वेळ का लागतो?" उषाबाईंनी विचारलं.

दगाभाऊंचे ओठ हलले. किसन या वेळी हळू बोलला, उषाबाईंना कान पुढे करावा लागला. "शेवटचं एक आठवत नाही म्हणतात. माय याच्यानंतर काहीतरी म्हणायची आणि मगच हे जेवायचे. ते आठवायला थांबतात."

दुसऱ्या दिवसापासून किसन आधी जेवू लागला आणि दगाभाऊ सगळ्यांच्या शेवटी. धर्मेंद्रने त्यांच्यासाठी बाक पुसून ठेवला. माफी मागायला मात्र त्याला चार दिवस लागले. त्या शेवटच्या ओळीचा शोध अख्खी खानावळ घेऊ लागली. मंगलाबाईंनी आपल्या गावची ओळ सांगितली, कोणी अमळनेरला फोन लावून विचारून आलं. दगाभाऊ प्रत्येक ओळ म्हणून बघत आणि मान हलवत. "चांगली शे. पण ही नही."

बरेच दिवस असेच गेले. एका दुपारी खानावळ रिकामी झाली होती. एरवी चुलीशी उभ्यानेच खाणाऱ्या उषाबाई त्या दिवशी ताट घेऊन दगाभाऊंसमोर बसल्या. त्यांना ऐकू जावं म्हणून दगाभाऊंनी सगळं मोठ्याने म्हटलं आणि नेहमीच्या जागी येऊन थांबले. हात तसेच जोडलेले. उषाबाई वाट बघत राहिल्या. शेवटी त्यांना राहवलं नाही. माहेरची बोली आपोआप तोंडी आली.

"वरन थंडं व्हई गयं, दगाभाऊ. जेव आते."

आवाजाची चाहूल लागताच दगाभाऊंनी मान वर केली होती. त्यांनी उषाबाईंचे ओठ वाचले होते.

"काय म्हणालात?"

"जेव आते."

"हेच," ते म्हणाले. "माय हेच म्हणायची."

एक थेंब माझ्यावर पडला, मिठाच्या शेजारी. त्यांनी भाकरी मोडली.

मित्रांनो, ती ओळ त्यांना एकट्याला कधीच सापडली नसती, कारण ती जेवणाऱ्याने म्हणायची नव्हतीच. जेवण्याआधी तुम्ही काय म्हणता, किंवा काही म्हणता की नाही, ते तुमच्या घरची रीत ठरवील. पण एवढं करा. तुमच्या समोर कोणी ताट घेऊन बसलं असेल, तर त्याच्याकडे नीट बघून सांगा, "जेव आता."