मागची बाजू

औषधाच्या खोक्यात घडी घालून कोंबलेला तो मुंगीएवढ्या अक्षरांचा कागद सहसा कोणी वाचत नाही. या छापखान्यात मात्र दोन माणसं तेवढ्यासाठीच नोकरीला होती. वाचणारी बाई मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि समोर बसलेले भिंगकाका डोळ्याला भिंग लावून लाल पेन्सिलीने प्रूफ तपासायचे. स्वल्पविराम, पूर्णविराम, सगळं तोंडाने म्हणायचं. वर काकांचा एक नियम होता: इशारा दोनदा वाचायचा. "बाकी काही चुकलं तर कंपनी ओरडेल. इशारा चुकला तर ओरडायला कोणी शिल्लक राहायचं नाही," असं म्हणून ते स्वतःच्याच विनोदावर हसायचे आणि हसता हसता खोकायचे.

दमा जुनाच होता. वर्षभरापूर्वी डॉक्टरांनी दोन औषधं एकत्र असलेला पंप दिला, सकाळ-संध्याकाळ ओढायचा, आणि दम्याने खरोखरच माघार घेतली. पण मग हात थरथरायला लागला. आवाज घोगरा झाला, जिभेवर पांढरा थर आला. पेन्सिलीच्या खुणा अशा वेड्यावाकड्या पडू लागल्या, की संगणकावर दुरुस्त्या करणाऱ्याने एकदा भलतीच ओळ गाळली. मालकांनी काकांना आत बोलावून दार लावून घेतलं. बाहेर आल्यावर काका एवढंच म्हणाले, "सोमवारपर्यंत बघतो म्हणालेत. त्या दिवशी माझी प्रुफं स्वतः तपासणार." त्यांना दुसरं कुठलं काम येत नव्हतं, आणि नुसतं घरी बसणं त्यांच्याने झालं नसतं.

त्याच दिवशी नेमका त्यांच्याच पंपाचा कागद तपासायला आला. फक्त पुढची बाजू. मागची बाजू कंपनीकडून मंजूर होऊन आठवड्याने यायची होती. असं नेहमीच व्हायचं.

बाई वाचू लागली. "होऊ शकणारे दुष्परिणाम, अपूर्णविराम. हात थरथरणे, स्वल्पविराम, छातीत धडधडणे, स्वल्पविराम, आवाज बसणे, स्वल्पविराम, तोंडात बुरशी येणे..."

पेन्सिल थांबली. "बाई, हा तर माझा बायोडेटा छापलाय की."

"तुमच्या खोक्यातही असेलच ना हा कागद. कधी वाचला नाहीत?"

"दिवसभर हेच वाचायचं आणि घरी जाऊन पुन्हा तेच? खोकं उघडलं की कागद आधी केरात."

दोघंही हसली. मग काकांनी आपला हात डोळ्यांसमोर धरून बराच वेळ पाहिला. "म्हणजे हे म्हातारपण नव्हे. बंद करून बघू का?"

वीस वर्षं ती त्यांच्यासमोर बसत आली होती. त्या खुर्चीत दुसरं कोणी आलेलं तिला नको होतं. "बघा की चार दिवस," ती म्हणाली. "काय बिघडतंय?"

चौथ्या दिवशी हात स्थिर झाला. काकांनी कागदावर एक सरळ रेघ मारली आणि बक्षीस मिळाल्यासारखी सगळ्यांना दाखवत फिरले. पाचव्या दिवशी ते जिन्यात कठड्याला धरून उभे होते. धूळ फार झालीये, म्हणाले. सहाव्या दिवशी अर्ध्या ओळीला त्यांची धाप ऐकू यायला लागली, तेव्हा त्यांना 'थांबा' म्हणावं लागू नये म्हणून बाई मुद्दामच सावकाश वाचू लागली.

"काका, पंप ओढा आता."

"सोमवार होऊ दे. तेवढं एकदा पार पडलं की ओढतो."

ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याचा तिला पुढे स्वतःच्या बोलण्यापेक्षाही जास्त राग आला.

रविवारी दुपारी काका जेवून उठले ते श्वासासाठी धडपडतच. काकूंनी कपाटातून पंप काढून तोंडाशी धरला, पण तो ओढायलाही छातीत हवा लागते. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. बाईला कोणी दोष दिला नाही. काकू तर तिच्या गळ्यात पडून म्हणाल्या, "हाताची थरथर थांबली ना, तेव्हापासून सारखं तुझंच नाव घ्यायचे." ते ऐकून तिला तिथून पळून जावंसं वाटलं.

मंगळवारी मागची बाजू आली. छपाई अडली होती, म्हणून मालक स्वतःच काकांच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी टेबलावरचं भिंग उचललं. "चला, वाचा."

"प्रत्येक वेळी औषध ओढल्यावर पाण्याने चूळ भरावी, स्वल्पविराम, म्हणजे आवाज बसण्याची व तोंडात बुरशी येण्याची शक्यता कमी होते, पूर्णविराम. हात थरथरत असल्यास डॉक्टरांना सांगावे, पूर्णविराम."

एक पेलाभर पाणी, तिच्या मनात आलं. पेला तर रोज टेबलावरच असायचा. पुढची ओळ तोंडात येण्याआधीच तिला दिसली होती, पण वाचणं हेच तिचं काम होतं.

"इशारा, अपूर्णविराम. हे औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये, स्वल्पविराम, दम्याचा जीवघेणा झटका येऊ शकतो, पूर्णविराम."

मालकांनी खूण केली. "बरोबर. पुढे."

"थांबा," ती म्हणाली. "इशारा दोनदा वाचायचा असतो."

आणि तिने ते वाक्य पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचलं, पूर्णविरामासकट.