डावा पुढचा

डॉक्टर सुचितांनी घोड्याच्या डाव्या पुढच्या पायावरून गुडघ्यापासून खाली हात फिरवला, खुराच्या वर क्षणभर थांबवला आणि पुन्हा वर नेला. हौसेराव लगाम धरून उभा होता.

“गार आहे. छान,” त्या म्हणाल्या. “या आठवड्यात काही तक्रार? सूज, गरमी?”

“न्हाई मॅडम.”

“बर्फ वगैरे लावलाय का आज?”

“पान्यानं धुतलाय निस्ता.”

एवढं बोलून हौसेराव घोड्याच्या आयाळीकडे बघत राहिला. पाऊण तास बर्फात ठेवलेल्या त्या पायाच्या पट्ट्या त्याने दहा मिनिटांपूर्वीच ट्रकच्या आडोशाला सोडल्या होत्या, टॉवेलने पाय खसाखसा कोरडा केला होता आणि बादली गवताच्या पेंढ्यांमागे लपवली होती. डॉक्टरांनी घोडा पळवून दाखवायला सांगितला. अठ्ठावन्न वर्षांचे गुडघे घेऊन हौसेराव त्याच्याबरोबर पळाला. घोडा सरळ पळाला, एक टाप चुकली नाही. डॉक्टरांनी कागदावर बरोबरची खूण केली आणि पुढच्या घोड्याला बोलावलं.

पनवेलच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, कुणाच्याशा फार्मवर त्या रविवारी क्रॉसकंट्रीची स्पर्धा होती. मोकळ्या रानातून तीन किलोमीटर पळायचं, वाटेत ओंडके, खंदक, पाणी अशा वीस उड्या, आणि सगळं सहा मिनिटांत. उशीर झाला की गुण कापले जातात. फेब्रुवारी संपत आला होता आणि मुरमाड जमीन आताच भाजून टणक झाली होती. आयोजकांनी दोन टँकर पाणी मारलं होतं. ते जमिनीने कधीच पिऊन टाकलं होतं.

हौसेराव मूळचा कोरेगावकडचा. क्लबच्या रजिस्टरात त्याच्या नावापुढे ‘ग्रूम’ लिहिलेलं असायचं. गावाकडे त्याच्या बापालाही लोक मोतद्दार म्हणत आणि त्यालाही तोच शब्द बरा वाटायचा. घणसोलीच्या खाडीकडच्या अंगाला असलेल्या त्या क्लबात त्याची तेवीस वर्षं गेली होती. रोज सकाळी दाणा देण्याआधी तो प्रत्येक घोड्याचे चारही पाय हाताच्या पाठीने चाचपायचा. तळहात खरारा करून राठ झालेला असतो, त्याला काही कळत नाही, असं त्याच्या बापाने शिकवलं होतं. सूज दिसायच्या आधी गरमी येते, आणि घोडा लंगडायच्या आधी सूज. गरमीला जो ओळखतो तो घोडा वाचवतो. हे हौसेरावला इतकं येत होतं, की क्लबचे साहेब लोकही आधी त्याला विचारत.

या घोड्याचं कागदावरचं नाव रॉयल ऑर्डर. रेसकोर्सवरून पाच वर्षांचा असताना काढून टाकलेला, आता चौदा वर्षांचा. डोळ्यांभोवती काळी कड होती, तान्ह्या पोराला न्हाऊ घालून काजळ घालावं तशी, म्हणून हौसेराव त्याला काजळ्या म्हणायचा. नऊ वर्षं त्याने या एका घोड्याचा खरारा दुसऱ्या कुणाला करू दिला नव्हता. स्पर्धेत त्याच्या पाठीवर बसायची ती क्लबात शिकणारी रुतिका.

स्पर्धेच्या आधीच्या सोमवारी सकाळी काजळ्याचा डावा पुढचा पाय गरम लागला.

हौसेरावने तसाच जाऊन रणजीतसरांना गाठलं. रणजीतसर क्लबचे कोच. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या डोक्यावर कमिटी होती आणि हातात सदोदित फोन.

“सर, काजळ्याचा डावा पुढचा गरम हाय. ह्यो रविवार सोडू या. महिनाभर इश्रांती दिली तर बसंल.”

“लंगडतोय का?”

“अजून न्हाई.”

“मग?” सरांनी फोन खिशात ठेवला. “हौसेराव, क्लिअर सांगतो. नवीन घोडा येतोय, स्टॉल एकच रिकामा करायचाय. हा रविवारी वेळेत आला, तर टीमच्या सिलेक्शनपर्यंत रुतिकाच्या घरचे त्याचा खर्च देतायत. नाही पळाला, तर कमिटीने तो डोंगरावरचा घोडेवाला बघून ठेवलाय. माझ्या हातात काही नाही.”

डोंगरावरचा घोडेवाला म्हणजे पर्यटकांना पाठीवर बसवून दगडांच्या वाटेने फिरवणारा. दोन वर्षांपूर्वी क्लबची मोगरा नावाची घोडी त्यालाच दिली होती. हौसेराव एकदा मुद्दाम तिला बघायला गेला होता. ढोपरं सोललेली, खूर चिरलेले, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. त्याने हाक मारल्यावर तिने कान उभे केले होते आणि दोरीला हिसडा दिला होता. घरी येऊन तो दोन दिवस जेवला नव्हता.

“गरमी उतरली तर पळवायचा?” त्याने सरांना विचारलं.

“तुम्हीच उतरवा ना. तुमच्याइतकं कोणाला जमतं?”

हौसेराव हरभऱ्याच्या झाडावर चढला असं म्हणता येणार नाही. त्याला भीती वाटली होती. पण त्या भीतीला सरांच्या बोलण्याने एक काम मिळालं.

घणसोली गावात त्याच्या भाड्याच्या खोलीपासून चार पावलांवर गंगूबाई मासळी घेऊन बसायची. दोन्ही वेळ त्याने तिच्याकडून बर्फ घ्यायला सुरुवात केली.

“घोऱ्याला बरफ?” गंगूबाई हसली. “काय म्हावरा हाय का तो?”

“पाय दुखतोय त्येचा.”

“मंग घे. मोटा तुकरा घे. पैशे ऱ्हाऊं दे, मुका जीव हाय.”

त्या बर्फाला सुरमईचा वास यायचा, पट्ट्यांना यायचा, मग हौसेरावच्या हातांनाही. त्याची बायको राजाबाई सोमवार पाळणारी. तिने नाकाला पदर लावला.

“बर्फानं दुखणं जातंय का निस्ती गरमी जाती?” तिने विचारलं.

“तुला काय कळतंय त्यातलं?”

“मला न्हाई कळत. म्हनून तर इचारलं.”

तो मोरीत गेला. गरम पाण्याने हात धुतले आणि जेवायला बसला. उत्तर त्याला माहीत होतं.

पण शुक्रवारपर्यंत पाय खरोखरच गार पडला, आणि माणूस स्वतःच्या हाताच्या गुणावर फार लवकर विश्वास ठेवतो. शनिवारी त्याला वाटू लागलं, की पाय बरा झाला. रविवारी पहाटे ट्रकमध्ये हात लावला, तर पुन्हा किंचित कोमट. त्याने बर्फाची बादली जवळ ओढली.

डॉक्टरांची तपासणी झाल्यावर रुतिका आली. सीवूड्सला राहणारी, नेरूळच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. परीक्षेमुळे आठवडाभर क्लबकडे फिरकली नव्हती. येताच तिने काजळ्याच्या कपाळाला कपाळ टेकवलं. सर तिच्याबरोबर चालत होते, बोलत होते.

“प्रत्येक उडीच्या आधी तू त्याला आवरतेस. दोन-दोन सेकंद जातात. वीस उड्या म्हणजे चाळीस सेकंद. आज सोड त्याला.”

“सर, सोडला की हातात राहत नाही तो. लांबून उडी घेतो.”

“हातात ठेव, पण सोड.”

ही दोन्ही कामं एकाच वेळी कशी करायची, ते सरांनी सांगितलं नाही. सांगून ते दुसऱ्या मुलाकडे गेले.

रुतिकाने हेल्मेटचा पट्टा आवळला, मनगटावरचं मोठं घड्याळ लावलं. ते दर मिनिटाला वाजायचं, म्हणजे आपण पुढे आहोत की मागे ते तिला न बघता कळायचं. मग रिकिबीत पाय घालण्याआधी तिने अकरा वर्षांची असल्यापासून विचारायची तेच विचारलं.

“काका, पाय?”

हौसेराव खाली वाकला. चारही पायांना त्याने क्रमाने हाताची पाठ लावली. इतक्या वर्षांत तीन वेळा त्याने ‘गरम’ म्हटलं होतं, आणि तिन्ही वेळा ही पोर कुणाचंही न ऐकता घोडा घेऊन मागे फिरली होती. एकदा तर आख्ख्या कमिटीसमोर. आताही त्याने तो एक शब्द उच्चारला असता तर तेच झालं असतं. आणि पुढच्या आठवड्यात काजळ्या डोंगरावर.

“गार,” तो म्हणाला.

“चला मग,” ती हसली आणि वर चढली.

हौसेराव स्पंज आणि पाण्याची बादली घेऊन चौदाव्या उडीजवळच्या उंचवट्यावर जाऊन उभा राहिला. पहिल्या काही उड्या लांबून दिसल्या. रुतिका छान चालवत होती. उडीआधी चार ढांगांवर ती पाठ सरळ करायची, घोडा मान उचलायचा, मागचे पाय खाली घ्यायचा आणि अंग गोळा करून उडायचा. जो घोडा उडीपुढे हातात असतो, तो पुढच्या पायांवर आदळत नाही. सरांना त्यात दोन सेकंद दिसत होते, हौसेरावला पाय दिसत होते.

दहाव्या उडीनंतर तिचं घड्याळ वाजलं, आणि ती मागे होती. तेव्हापासून तिने हात पुढे दिले, लगाम सैल सोडला. काजळ्याला तेच हवं होतं. शर्यतीचं रक्त उसळलं आणि तो जमिनीला चिकटून पळू लागला. बघणारे टाळ्या वाजवायला लागले. तेराव्या उडीवरून उतरताना हौसेरावला डावा पुढचा पाय दिसला. टाप टेकली, पण भार घेतला नाही, घाईने उचलला गेला.

“ताई! थांबवा! थांबवा त्येला!”

टापांच्या आवाजात ते कुठेच पोचलं नाही. चौदावी उडी म्हणजे जाड ओंडका आणि पलीकडे हातभर खोल जमीन. काजळ्याने तो लांबूनच घेतला, स्वच्छ घेतला. पलीकडे उतरला तो डाव्या पायावर.

सुकी फांदी मोडल्यासारखा आवाज आला.

घोडा कोसळला. रुतिका मातीत पडली आणि लगेच उठली. काजळ्याही उठला. तीन पायांवर उभा राहिला आणि चौथा टेकवायचा प्रयत्न करू लागला. गुडघ्याखाली तो पाय नुसता लोंबत होता. हौसेराव पोचला तेव्हा घोड्याने त्याच्या खांद्यावर तोंड ठेवलं. रोज दाण्याच्या वेळी ठेवायचा तसंच.

लोकांना दिसू नये म्हणून माणसांनी चारी बाजूंनी हिरवं कापड धरलं. डॉक्टर सुचिता आल्या, गुडघ्यावर बसल्या, फार वेळ बसावं लागलं नाही. त्यांनी वर बघून नकारार्थी मान हलवली.

“डोकं धराल का तुम्ही?”

“धरतो की.”

त्याने डोकं धरलं. डोळ्यांवरून हात फिरवत “बस रं राजा, बस,” एवढंच म्हणत राहिला. सुई गेली. काजळ्या आधी मागच्या पायांवर बसला, मग आडवा झाला. रुतिकाच्या मनगटावरचं घड्याळ वाजलं. सहा मिनिटं कधीच उलटून गेली होती.

नंतर तंबूत डॉक्टर फॉर्म भरत होत्या. रणजीतसर डोळे पुसून बाजूला उभे होते. रुतिकाचे ओठ पांढरे पडले होते.

“वेग किती होता शेवटी?” डॉक्टरांनी हळूच विचारलं.

“जास्त होता. मी मागे पडले होते. मी सोडला त्याला.” ती रडत नव्हती, पाठ केल्यासारखं सांगत होती. “आवरायला हवं होतं. नेहमी आवरते. आज नाही आवरलं. माझ्यामुळे झालं. लिहा.”

“ग्राउंड हार्ड होतं,” सर म्हणाले. “असं होतं कधीकधी.”

डॉक्टरांनी पेन टेकवलं. हौसेराव तंबूच्या दाराशी उभा होता, हातात रिकामा लगाम होता. गप्प राहणं सोपं होतं. नोकरी राहिली असती, खोली राहिली असती, आणि एकोणीस वर्षांची पोर हे ओझं जन्मभर वाहत राहिली असती.

“मॅडम, तसं लिव्हू नका.”

“हौसेराव,” सर म्हणाले, “तुम्ही ट्रककडे जा.”

“जातो. आदी सांगतो.” तो डॉक्टरांकडे वळला. “सोमवारपासनं पाय गरम हुता. सात दिस बर्फ लावला म्या. आज सकाळीबी लावला. तुमी इचारलंत तवा मी खोटं बोललो. पोरीचा काय दोष न्हाई यात. तेचा पाय हिथं यायच्या आदीच गेलेला.”

रुतिका वळून त्याच्याकडे बघत राहिली.

“मी विचारलं होतं तुम्हाला,” ती म्हणाली.

“व्हय. इचारलं हुतं.”

“मी उतरले असते काका.”

“म्हाईत हाय मला.”

त्याला डोंगरावरच्या घोडेवाल्याचं सांगायचं होतं, मोगरा घोडीचं सांगायचं होतं. पण ते सांगितलं असतं तर ते कारण झालं असतं, आणि त्या पोरीसमोर कारण घेऊन उभं राहायची त्याला लाज वाटली. ती त्याच्या बाजूने निघून गेली. तिच्या मनगटावरचं घड्याळ अजून दर मिनिटाला वाजत होतं. ते बंद करायचं तिला सुचलं नव्हतं. लांब गाड्यांपाशी जाईपर्यंत त्याला ते ऐकू येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसेराव नेहमीच्या वेळेला उठला. क्लबात यायचं नाही, असं सरांनी रात्रीच फोनवर सांगितलं होतं. तरी पाय मासळीच्या पाटाकडे वळले. गंगूबाईने त्याला लांबूनच बघितलं आणि बाजूला ठेवलेली पिशवी पुढे केली.

“आज मोटा ठेवलाय बघ. कसा हाय तुजा घोरा?”

“आजपासनं नको, गंगूबाई.”

“का रं? बरा झाला?”

“गेला त्यो.”

गंगूबाईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. पिशवीतला बर्फ पाटावर ओतला, लाकडी दांडक्याने फोडला आणि माशांवर पसरू लागली. हौसेराव खाली बसला आणि तोही मूठ मूठ उचलून पसरू लागला. सगळं झाकून झाल्यावर त्याने हाताची पाठ त्या बर्फावर टेकवली आणि तिला गार-गरम काही कळेनासं होईपर्यंत तशीच ठेवली.