नको-दर

…मापाच्या कमरेशी लिंबाचा रस पुन्हा वाळून बसला होता. बोटभर उंचीचं स्टीलचं माप, वर एक पेला, खाली एक पेला, एक लहान, एक मोठा, मधे कंबर. आणि फडकं जिथे हटकून पोचत नाही तिथेच ती पांढुरकी कड. तिने नखाने खरवडून पाहिली. सीझनमध्ये कुठलीच गोष्ट नीट धुतली जात नाही – मापं, ग्लास, डोकं. गॅरेजचं शटर अर्धं वर होतं, घडीचा काउंटर आत उभा केलेला, आणि त्याच्यावर फोन पालथा. दादाचा फोन येऊन गेल्याला अर्धा तास झाला असेल. की जास्त.

दादा होकार देऊन गेला होता. आणि तिच्या अंगाचा तिळपापड होत होता तो त्या होकारानेच.

होकाराचा राग येतो, हे सांगायचं तरी कुणाला? एरवी राग यायला गिऱ्हाईक पुरेसं असायचं. लोकांच्या समारंभात फिरता बार लावायचा हा धंदा. बाटल्या यजमानाच्या, हात आपले. "दारू आमची, तुम्ही नुसती ओतणार, आणि ओतायचे एवढे?" – हे वाक्य तिने इतक्या तोंडांतून ऐकलं होतं की आता तोंड उघडलं की ती मनातल्या मनात पुरं करायची. लग्नाच्या सीझनला फुलवाला दर दुप्पट करतो, फोटोवाला करतो, हॉलवाला तर तुम्ही आत पाऊल टाकायच्या आधीच करून बसलेला असतो, आणि लोक समजूतदारपणे मान डोलावतात – सीझन आहे बुवा. बारवालीने केला की ती लुटारू. बर्फवाल्याने भाव चढवलेला असतो, जादा माणसं दुप्पट मागतात, तर मी काय हवेतून दर काढते? आणि मंदीत, शनिवारामागून शनिवार व्हॅन गॅरेजात नुसती टायरांतली हवा घालवत उभी असते, तेव्हा यांच्यातला एक तरी येतो का विचारायला, की बाई, हप्ता कशातून भरता? येतात की. निम्म्या दरात वाढदिवस उरकून घ्यायला येतात.

तर दर दोन – मंदीचा आणि सीझनचा. तिसरा कुठे लिहिलेला नव्हता. तो नवऱ्याचा शोध. व्हॅन तोच चालवायचा, त्यामुळे कुठे जायचं नाही याबद्दल त्याची मतं पक्की होती. "नाही म्हणायचं नाही," तो म्हणायचा, "नाही म्हटलं की माणूस दुखावतो, पुढच्या वर्षी फिरकत नाही. असा आकडा सांगायचा की त्यानेच म्हणावं, राहू दे." त्याचं नाव नको-दर. जिथे पाहुणे बर्फाच्या पेटीत पाय बुडवून बसले होते त्या फार्महाउसला तो लागला, जिथे मागच्या खेपेला खुर्च्या उडल्या त्या क्लबला लागला. आजवर तो कुणी कबूल केला नव्हता. करणार कसा, तो कबूल करण्यासाठी नव्हताच.

आणि मी तो सख्ख्या भावाला सांगितला.

दादाच्या मुलीचं लग्न सीझनच्या सगळ्यात महाग शनिवारी होतं. तारीख तिला कुणाकडून तरी कळली होती. तेव्हापासून तिने त्या शनिवारची तीन गिऱ्हाइकं काहीबाही सांगून परतवली होती. ती मुलगी… लहानपणी हिच्या स्वयंपाकघरात स्टुलावर उभी राहून हेच माप घेऊन सरबत मोजायची, लहान बाजूने लिंबू, मोठ्या बाजूने पाणी, आणि एकदा सगळ्यांसमोर म्हणाली होती, "मी आत्यासारखी बारवाली होणार." वहिनीचा चेहरा तेव्हा असा झाला की जणू हिनेच पोरीला पाजली होती. मग सुट्टीत येणं कमी झालं, मग बंदच. दादा लोकांना सांगायचा, बहीण कार्यक्रमांचं बघते. काय बघते ते सांगायचा नाही.

"चिमे, तो शनिवार मोकळा आहे का तुझा?"

"आहे की!" – किती झटकन म्हणाले मी, शरम वाटावी इतक्या झटकन.

"छान. मग बार तुझाच. दर बोल."

तेव्हा तो आकडा तोंडातून गेला. त्याने म्हणावं, वेडी आहेस का, आत्या ना तू, तू कशाला उभी राहतेस काउंटरमागे, ते बघेल दुसरं कुणी. नाहीतर भांडावं तरी – सख्ख्या भावाला हा भाव? लाज नाही वाटत? दोन्हीही चाललं असतं. दोन्हीकडे ती बहीण होती.

"बरं," दादा म्हणाला.

"बरं म्हणजे?"

"चालेल. सीझन आहे, समजतं मला. ॲडव्हान्स पाठवतो." आणि थोडं थांबून, "तुमच्या माणसांचे ते काळे कपडे असतात ना, तूही तेच घाल. एकसारखं दिसतं. आणि हे बघ, व्याह्यांकडचे जरा जुन्या वळणाचे आहेत. उगाच ओळखीपाळखीत शिरू नकोस. तसाही तुला वेळ कुठे असणार!"

जुन्या वळणाचे! जुन्या वळणाच्या माणसांना बार हवा, बर्फ हवा, ग्लासाला लिंबाची चकती हवी – पिणारे सगळे गोतावळ्यातले, पाजणारी तेवढी कुणाची कुणी नाही.

शटरखालून वाकून नवरा आत आला. "ठरलं का दादाचं?"

"मी नको-दर सांगितला."

"दादाला?" तो क्रेट पालथा करून त्यावर बसला. "मग? भांडला असेल."

"हो म्हणाला."

"म्हणजे आता जावं लागणार."

"सूटला इस्त्री करून ठेवली होती तुझ्या."

"काळाच आहे," तो म्हणाला. "चालून जाईल."

तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून पेट्या धुवायला गेला.

दर सांगितला आणि समोरच्याने हो म्हटलं की फिरायचं नाही, हा धंद्याचा नियम, तिनेच इतरांना ऐकवलेला. पण राग नियमाचा नव्हता, आता आकड्याचाही राहिला नव्हता. दादाला तो आकडा महाग वाटलाच नाही… त्या पैशांत त्याला बार तर मिळालाच, वर आत्याही मिटली. इतकं स्वस्त तिने कुणाला काहीच दिलं नव्हतं, भर मंदीतसुद्धा.

काउंटरवर फोन थरथरला. ॲडव्हान्स असणार. तिने तो सुलटा केला नाही. माप नळाखाली धरलं, लहान बाजू भरली, ओतली, मोठी भरली, ओतली – आणि मनात आकडे चढवत राहिली, कितीला तो म्हणाला असता, राहू दे चिमे, तू नुसती ये… दुप्पट? तिप्पट? पाणी मापावरून बोटांवर वाहत होतं, आणि प्रत्येक आकड्याला पलीकडून तोच समजूतदार आवाज येत होता – बरं.