मुळासकट नेलेला पुदिना

"मुळासकट उपटला गं बाई! एक काडी ठेवली नाही मेल्यांनी!"

सकाळी सहाला मी ओरडले, तेव्हा अख्खी चाळ जागी झाली. बाहेर मात्र कुणी आलं नाही. डालड्याच्या डब्यात नुसता खड्डा होता.

आमचे हे द्वारका नाक्यावरच्या गॅरेजात ट्रकची इंजिनं खोलतात. अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यात त्यांना कावीळ झाली. दवाखान्यातून घरी आले, पण पाणी प्यायले तरी उलटून पडायचं. पोटात टिकायचं ते एकच, त्या लिंबाच्या वासाच्या पुदिन्याचं कोमट पाणी.

रोप माझ्या आईचं. मनमाडला रेल्वेच्या बंगल्यात ती कामाला होती, तिथल्या मडमेनं जाताना दिलेलं. डोकं दुखलं की पान चुरडून कपाळाला लावायचं, पोट बिघडलं की उकळायचं. आई गेल्यावर मी ते घेऊन आले आणि मुळाशी तिच्या फुटक्या बशीचा निळा तुकडा खोचला.

चाळीत समजूत अशी, की मागून आणलेलं रोप धरत नाही, चोरलेलं धरतं. म्हणून बायका आल्या की मी मुद्दाम पाठ फिरवून भांडी घासायची. न्या बाई, काडीच नेताय ना! बारा वर्षं पाठ फिरवली, त्याचं हे फळ.

नळाला पाणी दोन दिवसांआड, सगळ्यांची रोपं वाळलेली. शेजारच्या भागीबाईच्या ओट्यावर मात्र नवी कुंडी, हिरवंगार रोप, आणि मातीतून डोकावणारा निळा तुकडा.

"भागीबाई, हे काय गं?"

ती पदराशी चाळा करत म्हणाली, "सुनेला दिवस गेलेत. घोटभर पाणी ठरेना पोटात."

"आणि ह्यांच्या पोटात ठरतं का?"

"रागावू नको, लता. मी आत जाते, तू घे गपचूप चोरून. हातानं दिलं तर दोघींचंही जळेल."

माझं टाळकंच सरकलं. माझ्या आईचं रोप मी चोरू?

"आत जायचं नाही! इथंच उभी राहा आणि डोळे उघडे ठेव."

तुकड्यासकट रोप उपसलं. तेवढ्यात आतून सुनेच्या ओकारीचा आवाज आला. चार काड्या तोडून मी भागीबाईच्या हातावर आपटल्या.

"तीन उकळ, एक लाव. मागितलेली नाही, चोरलेली नाही. दिलेली आहे. बघू धरते का!"

घरी येऊन पानं उकळली. हे अर्धा पेला प्यायले. टिकलं.

"कुठं सापडलं?" त्यांनी विचारलं.

"आपलंच होतं," मी म्हटलं.

पंधरा दिवसांनी काडीला दोन पानं फुटली. भागीबाई कुंडी घेऊन दाखवायला आली. मी भांडी घासत होते. या वेळी पाठ फिरवली नाही, तिच्या तोंडाकडे बघत घासत राहिले.